वीरांचा काठ

आत्या जाऊन आता एक पावसाळा उलटला. तिच्याबद्दल लिहायला बसते आणि दर वेळी तळ्याच्या काठावरच जाऊन पोचते. मग कागद बाजूला ठेवते, चहा करते, खिडकीतून खालच्या रिक्षा बघत राहते. सोलापुरातल्या या घरातून कुठलंच पाणी दिसत नाही. तरी आज ठरवलं, की काठापासूनच सुरुवात करावी. तिच्याविषयी मला जे सांगायचं आहे ते तिथेच घडलं.

आमचं गाव मैंदर्गीच्या पलीकडे, जिथे बाजारात भाव मराठीत विचारतात आणि घासाघीस कानडीत करतात अशा भागातलं. घरात आम्ही चौघं. आप्पा गावच्या शाळेत मास्तर, आई, मी, आणि आप्पांची थोरली बहीण रुक्मिणी. गाव तिला रुक्माक्का म्हणायचं, आप्पा नुसतं आक्का, आई वन्सं, आणि मी आत्या. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तेव्हाच तिचा नवरा विहीर खणताना दरड कोसळून गेला. मूलबाळ नव्हतं. एका लुगड्यानिशी ती माहेरी आली आणि परत गेली नाही. मला कळायला लागलं तेव्हापासून पहाटेचा पहिला आवाज तिच्या हातचा. परातीत पीठ मळल्याचा, मग भाकरी थापल्याचा, एकसारखा, ना घाई ना उशीर. दुसरा आवाज बाहेरचा. धुरपाबाईच्या मेंढ्या पाण्यावर निघायच्या, त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा. त्या आवाजावर आई म्हणायची, "सुमे, ऊठ, मेंढरं सुदीक उठली." अंथरुणातूनच मला शेंगांच्या चटणीचा वास यायचा. आत्या ती उखळात कुटायची, लसणासकट, तेल सुटेपर्यंत. अजून कुठे तो वास आला तर मी क्षणभर थांबते. परवा बाजारात थांबले, तर मागच्या बाईने "अहो, पुढं सरका की" म्हणून हाक दिली.

गावाबाहेर तळं होतं. तळं सरकारी. ते कुणी बांधलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण त्याच्या काठाकाठाने पाटबंधारे खात्याने हद्दीचे चुना लावलेले दगड रोवले होते, आणि त्या दगडांच्या आतली सगळी जमीन खात्याची. खात्याचा माणूस मात्र वर्षातून एखाद्या वेळी सायकलवरून यायचा, चहा प्यायचा आणि जायचा. काठ सांभाळायचं ते गाव. म्हशी वरच्या अंगाने पाण्यात उतरवायच्या, मेंढ्या खालच्या अंगाने, धुणं मधल्या खडकावर. बाभळी तोडायच्या नाहीत, फक्त वाढलेल्या फांद्या छाटून सवळणी करायची आणि तीही पाळीने. पावसाआधी प्रत्येक घराने मुरमाच्या पाट्या नेऊन घुशींनी पोखरलेला बांध बुजवायचा. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक हरभरा पेरत, पण वीरांच्या समोरचा पट्टा कुणी नांगरत नसे. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. एकदा एकाने औत घातलं, तर त्याच्या सख्ख्या आईने जाऊन बैलांसमोर बसकण मारली होती, अशी गोष्ट आम्हाला सांगायचे. त्या म्हातारीला मी पाहिलेलं आहे. ती बसली असेल.

वीर म्हणजे काठावर रांगेने उभे असलेले दगड. माणसाच्या कमरेएवढे काही, छातीएवढे काही. फार पूर्वी गावची गुरं राखताना जी माणसं मेली त्यांचे ते दगड, एवढंच आम्हाला सांगितलं जाई. दिसायला ते सगळे शेंदराचे उभे गोळे होते. प्रत्येक दगड एकेका घराकडे सांभाळायला होता, आणि त्यात जातपात बघितलेली नव्हती. एक धुरपाबाईच्या धनगर घराकडे, एक गौरव्वाच्या लिंगायत घराकडे, एक आमच्याकडे. आणि वैशाखातल्या अमावस्येला, पाणी अगदी खाली गेलेलं असताना, त्यांना शेंदूर लावायचा मान त्या त्या घरातल्या विधवेचा असे. मेलेल्या पुरुषांचे दगड, तेव्हा ज्यांचे पुरुष गेले त्यांनीच हात लावायचा, असा काहीतरी त्यामागचा विचार असावा. पुढे मी पुष्कळ वाचलं, पण ही रीत दुसरीकडे कुठे आहे असं माझ्या वाचनात आलं नाही.

एरवी आत्या कशातच पुढे नसायची. घरी हळदीकुंकू असलं की ती आपणहून स्वयंपाकघरात जायची आणि बायका जाईपर्यंत बाहेर यायची नाही. लग्नाकार्यात तिचं काम चुलीपाशी. पण त्या एका दिवशी सगळं उलटं व्हायचं. सकाळी न्हाऊन, पांढऱ्यावर बारीक काळी चौकट असलेलं ठेवणीतलं लुगडं नेसून ती बाहेर पडायची, आणि आई तिच्या मागून करडईच्या तेलाची तपेली घेऊन चालायची. काठावर सवाष्णी मागे उभ्या राहायच्या. हुकूम विधवांचे चालायचे. "ए, पाणी आण." "तेल कमी हाय, वत आजून." "तू सर मागं, तुझी सावली पडाय लागली." शेंदूर तेलात कालवून दोन्ही हातांनी वरून खाली लावत यायचं. आत्या लावायला लागली की बोलायची नाही. तिचा चेहरा तेव्हा कसा व्हायचा ते मला लिहिता येत नाही. मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे. मग गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची दाट खीर, केळीच्या पानावर. हाताचा शेंदूर पोटात जायला नको म्हणून विधवांनी त्या दिवशी आपल्या हाताने जेवायचं नसे, घरच्या सवाष्णीने भरवायचं. माझी आई आत्याला घास भरवायची. वर्षभरात त्या दोघींच्यात स्वयंपाकावरून, दळणावरून, माझ्या वेण्यांवरून ज्या काही कुरबुरी झालेल्या असत, त्या तिथे मिटायच्या. आत्या म्हणायची, "साकु ग, बास झालं," आणि आई म्हणायची, "वन्सं, आजच्या दिस तरी पोटभर खावा."

लेपावर लेप चढत जाऊन दगडांवर जाड थर बसला होता. त्याला कवच म्हणायचे. कवच कधीतरी, पिढीतून एखाद्या वेळी, आपोआप सुटायचं. मग ते वाजतगाजत तळ्यात सोडायचं आणि दगडाला सूर्य मावळायच्या आत नवा लेप द्यायचा. हाताने काढायचं नाही, खरवडायचं नाही. आप्पा लहान असताना असं एक कवच त्यांच्यासमोर सुटलं होतं. आत्या तेव्हा सासरी होती. आप्पांनी आत घोडा पाहिला होता, घोड्यावर माणूस, खाली गाईंची रांग. दुपारभर त्यांनी ते पाहिलं, आणि संध्याकाळी पुन्हा सगळं लाल झालं. त्या दुपारमुळेच आपण मास्तर झालो असं ते म्हणायचे. त्यांना वाचनाचं वेड होतं आणि ते माझ्यात आलं.

मी सातवीत असेन, तेव्हा तळ्याची भिंत उंच करायचं ठरलं. खात्याचे इंजिनिअर आले, त्यांनी काठावर लाल निशाणांच्या काठ्या रोवल्या. पाणी कुठवर येणार त्याच्या त्या खुणा होत्या, आणि वीर त्या खुणांच्या आत होते. इंजिनिअर वाईट माणूस नव्हता. आमच्या ओसरीवर बसून त्याने आप्पांना सांगितलं, "मास्तर, खालच्या गावांना उन्हाळाभर टँकर आहे. पाणी अडवायला दुसरी जागा नाही." हे आप्पांना माहीत होतं. त्यातल्याच एका गावात माझी मावशी घागरी घेऊन टँकरमागे धावत होती. भिंत नको असं आप्पा कधीच म्हणाले नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की वीरांच्या पट्ट्याभोवती एक दगडी बांध घालून तेवढं पाणी बाहेर ठेवावं. इंजिनिअर म्हणाला, "ते जुने, कोरीव आहेत असं पुरातत्त्ववाल्यांनी लिहून दिलं तर मला अंदाजपत्रकात बांध धरता येईल. नुसता देव म्हणून नाही धरता येणार. देव काय, गावं हलवतातच."

आप्पांनी मग किती खेटे घातले ते मी मोजलेले नाहीत. सोलापूर, पुणे, पुन्हा सोलापूर. एस्टीच्या धुळीने भरलेले कपडे ते अंगणात झटकायचे आणि आई विचारायची, "काय म्हणले?" ते म्हणायचे, "बघतो म्हणले." घरात त्या वर्षी हा एकच विषय. आत्या मात्र निर्धास्त होती. "वीर काय हलनार न्हाईत," ती भाकरी थापता थापता म्हणायची. "इतकी वर्सं पान्यानं शिवलं न्हाय त्येंला." एकदा मात्र मला वेगळं काहीतरी दिसलं. माझ्या वेण्या घालताना तिने मध्येच विचारलं, "सुमे, बांध न्हाय घातला तर आमोशेला कुटं जायाचं ग आमी?" मी म्हटलं, आप्पा करतील. तिने वेणी इतकी ओढून बांधली, की डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी पुरातत्त्वाचे एक साहेब यायचे ठरले. दिवाळी होऊन गेली होती, हरभरा हातभर वर आला होता. आप्पांचा सगळा भरवसा एका दगडावर होता, आमच्याच. पावसाळ्यात त्याच्या लेपाला भेगा पडल्या होत्या आणि वरची कड सुटून आली होती. बोट घातलं तर आत जात होतं. "चार महिन्यांत आपोआप पडेल," ते म्हणायचे. "पण साहेबांना त्या फटीतून दिसेल तेवढं बास हाय." हे ते आईशी बोलायचे, माझ्याशी बोलायचे, शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांशी बोलायचे. वीरांना हात लावणाऱ्या बायकांशी बोलायचं त्यांच्या मनात आलं नाही. का यावं? लेप वैशाखात लावायचा असतो. त्यांना वाटलं, सगळे आपापल्या जागी आहेत.

साहेबांना आणायला आप्पा पहाटेच्या गाडीने अक्कलकोटला गेले. इकडे ऊन वर आलं आणि धुरपाबाई आमच्या दारात उभी राहिली. ती उंच, काटक, हातात कायम काठी.

"रुक्माक्का, सायेब येनार म्हनं वीरांला बगायला."

"व्हय. आप्पा आनाय गेलाय की."

"आन् वीर असे? ऊनपावसानं उडालेलं, भेगाळलेलं? पुन्याचा मानूस म्हनंल, ह्येंचे देव हे बगा, अंगावर धड कापड न्हाय."

आत्या परातीवरून उठली. मला ते अजून दिसतं, तिने पिठाचे हात कसे झटकले ते. "आमोशा न्हाय की ग," ती म्हणाली.

"पाव्हना आला तर आपन आमोशा बगून घर सारवतो काय?"

तेवढ्यात गौरव्वाही आली. तिचं मराठी निम्मं कानडी होतं. ती म्हणाली, "छलो दिसाय पायजे बघ यव्वा, चांगलं दिसाय पायजे. सायबाच्या डोळ्यात भरलं, की बांध घालतेत." आईने एवढंच विचारलं, "ह्यांना विचारायचं का आधी?" आणि धुरपाबाई हसली. "मास्तरांला काय कळतंय शेंदराचं? ते पुस्तकातलं मानूस." मग सगळ्याच हसल्या, आईसुद्धा.

त्या दिवशी काठावर जो उत्साह होता तसा मी कुठल्याही अमावस्येला पाहिला नव्हता. ज्यांच्या घरात तेल नव्हतं त्यांना शेजारणींनी दिलं. बाजारातून आणून ठेवलेला वर्षाचा शेंदूर सगळ्यांनी एकदम काढला. नेहमीपेक्षा दुपटीने जाड लावला, चकचकीत. सुटलेल्या कडेच्या फटीत आत्याने स्वतः बोटांनी शेंदूर भरला, दाबून दाबून, जशी आम्ही पावसाआधी बांधातली बिळं बुजवायचो तशी. मी तेलाची तपेली धरून शेजारी उभी होते आणि मलाही ते सुंदर वाटलं. निळं पाणी, हिरवा हरभरा, आणि त्या मधोमध ती लालभडक रांग. इतकं लाल मी पुन्हा काही पाहिलं नाही.

दुपारी आप्पा आणि साहेब बांधावरून येताना दिसले. साहेब तरुण होते, डोक्यावर टोपी, गळ्यात कॅमेरा. आप्पा पुढे होऊन हाताने दाखवत येत होते, आणि बाभळींशी पोचल्यावर त्यांचा हात हवेतच राहिला. मी त्यांच्याकडे धावत गेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

बायकांनी डोक्यावरून पदर घेतले. भीमूतात्या म्हणून गावातले एक थट्टेखोर म्हातारे होते, ते म्हणाले, "साहेब, आदी पाया पडा, मग दिसतील नीट." लोक हसले. साहेबांनीही हसून हात जोडले, वाकले, आणि त्यांच्या बाहीला शेंदूर लागला. बायकांना ते फार आवडलं. मग साहेब एकेका दगडाजवळ बसून बघू लागले. बराच वेळ बघत होते. मागून बघितलं, समोरून बघितलं, उन्हाला हात आडवा धरून बघितलं. गौरव्वा माझ्या कानात म्हणाली, "किती भक्ती हाय ग सायबाची."

साहेब उठले. "मास्तर, यात काही दिसत नाही हो."

"आत आहे, साहेब. मी पाहिलंय. घोडा आहे, गाई आहेत."

"असेलही. पण आत आहे असं मी कसं लिहू? मला फोटो जोडावा लागतो." ते अगदी हळू बोलत होते, जणू दवाखान्यात. "थोडं काढता येईल का? एकाचंच. एवढंसं."

 धुरपाबाई म्हणाली, "मास्तर, ह्येंच्या डोस्क्यात ऊन गेलं काय?" कुणी हसलं नाही. आप्पा आत्याकडे गेले. सगळ्या गावासमोर ते तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. धाकटा भाऊ म्हणून मी त्यांना तेव्हाच पाहिलं, आधी कधी पाहिलं नव्हतं.

"आक्का," ते म्हणाले, "एका दगडाचं काढू दे. तेवढ्यावर बांध येतोय."

"काढायचं नसतंय रं. आपल्या मनानं सुटतंय त्ये."

"म्हाईत हाय मला."

आत्याने वीरांकडे पाहिलं, निशाणांच्या काठ्यांकडे पाहिलं. मग विचारलं, "काढलं तर ऱ्हातील का हितंच? नक्की?"

आप्पांना खोटं बोलता येत नव्हतं. "नक्की न्हाय सांगता येत," ते म्हणाले.

 तिने खाली पडलेली नारळाची शेंडी उचलली आणि आमच्या दगडापाशी जाऊन बसली. दुसऱ्या कुणाच्या दगडाला हात लावायला लागू नये म्हणून तिने आमचाच धरला. बायकांपैकी कुणीतरी "नगं, रुक्माक्का" म्हणून रडायला लागलं. ती घासू लागली. ताजा लेप तेलासकट नुसता पसरला आणि फटीत आणखीच खोल गेला. त्याच्याखाली जुना थर होता, लाखेसारखा टणक. तिने शेंडी टाकली आणि नखं लावली. लाल पापुद्रे निघत होते आणि आत पुन्हा लालच. तिच्या कोपरापर्यंत, लुगड्यावर, कपाळावर सगळीकडे शेंदूर झाला होता. साहेबच पुढे झाले आणि खाली बसून म्हणाले, "राहू द्या, मावशी. राहू द्या. असं ओरबाडलं तर आतलं कामही जाईल. याला औषधं लागतात, शिकलेली माणसं लागतात. मी माणसं घेऊन पुन्हा येतो." त्यांनी एक फोटो काढला. आईने त्यांना हुग्गी वाढली, ती त्यांनी उभ्याउभ्याच खाल्ली, चांगली झाली आहे म्हणाले, आणि संध्याकाळच्या गाडीने गेले. ते परत यायचे होते यावर माझा आजही विश्वास आहे. त्यांची बदली झाली असं पुढे कळलं. त्यांच्याकडून कचेरीत जे गेलं त्यात काठावर शेंदूर लावलेले दगड आहेत, कोरीव काम दिसून आलं नाही, एवढंच होतं. ते खोटं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. आप्पा ओसरीवर पुस्तक उघडून बसले, पान उलटत नव्हते. आत्या चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून बसली. आईने ताट वाढलं, "वन्सं, जेवून घ्या," म्हणाली. ती हलली नाही. शेवटी आप्पा आत आले आणि म्हणाले, "आक्का, तू काय वाईट केलंस? पाव्हण्यासाठी घर सारवलंस. मी सांगायचं होतं, मी नाही सांगितलं." आत्या म्हणाली, "मीच फट बुजिवली." एवढंच. त्यानंतर त्या दोघांच्यात हा विषय निघाल्याचं मला आठवत नाही, आणि आमचं घर लहान होतं, निघाला असता तर ऐकू आला असता. आप्पा पुढेही खेटे घालत राहिले. पण आता जाताना ते कुठे चाललोय हे सांगत नसत आणि आल्यावर आई विचारत नसे.

भिंत झाली. पुढच्या पावसाळ्यात पाणी बाभळींपर्यंत आलं, त्याच्या पुढच्या वर्षी बाभळींच्या वर. वीर बुडताना मी पाहिले नाहीत, शाळेसाठी मला मंगळवेढ्याला मामांकडे ठेवलं होतं. सुट्टीत आले तेव्हा काठच राहिला नव्हता. पाणी सरळ मुरमाड माळाला लागलं होतं आणि त्याला काठ म्हणावं असं त्यात काही नव्हतं. मावशीच्या गावचा टँकर बंद झाला. ती घरी आली तेव्हा नळाचं कौतुक सांगत होती, आणि आत्या मान हलवत ऐकत होती, मनापासून. त्या वैशाखात ती, धुरपाबाई, गौरव्वा आणि बाकीच्या शेंदूर घेऊन गेल्या होत्या असं आईने मला सांगितलं. पाण्याशी उभ्या राहिल्या. त्यांच्यात त्या वर्षी एक नवी पोर होती, पांडू लोहाराची सून, नवरा नुकताच गेलेला. तिला लेप कसा लावायचा ते शिकवायचं होतं. ती विचारत होती, "आत्तीबाई, मी काय करू?" आणि कुणालाच सांगता येईना. तशाच परत आल्या. नंतर गावाने रस्त्याला लागून फरशीचं देऊळ बांधलं, एक गोल दगड आणून बसवला. त्याची पूजा जोडप्याने करायची असं ठरलं. विधवांना कुणी येऊ नका म्हटलं नाही. त्या मागे बसत.

आप्पा गेले, मग आई. आत्याला मी सोलापूरला माझ्याकडे आणलं. तिच्या म्हातारपणात एका वर्षी पाऊस झाला नाही आणि दुसऱ्या वर्षीही झाला नाही. गावाहून फोन आला, की तळं तळाला गेलं आहे, वीर उघडे पडलेत, लोक बघायला येताहेत. मी आत्याला सांगितलं. तिने शेंदूर आणायला सांगितला आणि करडईचं तेल.

आम्ही जीप करून गेलो. तळ भेगाळला होता. काही दगड कलले होते, काही आडवे पडले होते, आणि इतकी वर्षं पाण्यात राहून शेंदराचा कणही त्यांच्यावर राहिला नव्हता. आप्पांनी सांगितलं होतं ते सगळं होतं. घोडे, ढाली, शिंगं वर केलेल्या गाई, मेलेल्याला उचलून नेणाऱ्या बायका, सगळ्यात वर चंद्र-सूर्य. इतकं बारीक काम, की घोड्याच्या लगामाची वीण दिसत होती. कॉलेजातली मुलं मोबाइलवर फोटो काढत होती. एकाने मला सांगितलं, की हे फार महत्त्वाचे आहेत, कुणाचं लक्षच नाही. मी हो म्हटलं. मग आत्याचा हात धरून तिला एकेक दगड दाखवायला लागले. मी आयुष्यभर वाचलेलं सगळं मला त्या दिवशी उपयोगी पडत होतं. "हे बघ, खाली लढाई. हा पडला. ह्या त्याला वर नेतात. हा बघ, आता देवापुढं बसलाय."

ती ऐकत होती. डोळ्यांनी तिला फारसं दिसत नसे, म्हणून मी तिचा हात घोड्यावर ठेवला. तिची बोटं तिथून सरकली आणि वर गेली, मग बाजूला. आमच्या दगडाच्या खांद्याशी पूर्वी लेपाचा एक फुगवटा असायचा, त्याच्या खाली अंगठा बसेल असा खळगा. ती तो शोधत होती हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तो दगडाचा नव्हताच, शेंदराचा होता. तिच्या आधीच्या बायकांनी आणि तिने घडवलेला.

"लई चांगलं हाय," ती म्हणाली. पाहुण्यांच्या घरात बोलावं तसं. "पन ह्ये आपलं न्हवं."

"आत्या, हेच ते."

"न्हवं ग. मला म्हाईत न्हाय व्हय आपला?" तिने त्या मोबाइलवाल्या मुलाला हाक मारली. "बाळा, हितं वीर हुते. शेंदराचे. कुटं हायती?"

मुलाने दगडांकडे बोट केलं. "हे काय, आजी."

तिने मान हलवली, माझा हात सोडला आणि पुढच्या दगडाकडे गेली, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येकाला खांद्याशी हात लावून बघत होती आणि सोडून देत होती. रांग संपली तरी ती थांबली नाही. कदाचित पुढे असतील असं म्हणत ती पाण्याच्या दिशेने चालत राहिली, आणि मी शेंदराची पुडी आणि तेलाची बाटली घेऊन तिच्या मागून, ओला गाळ लागेपर्यंत.